अबोल माणसाचा सोळावा भाग

बाई, तुमचं लाल स्टूल शनिवारी मी घरी आणलं. तहसीलसमोरच्या आपल्या टायपिंगच्या टेबलापासून विष्णुपुरीच्या आमच्या खोलीपर्यंत ऑटोत मांडीवर धरून आणलं. रविवारी घरी बैठक होती आणि आमच्याकडे खुर्च्या दोनच आहेत, एवढंच कारण होतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मी ते तुमच्या रीतीसाठी नेलं. तसं काही माझ्या मनात नव्हतं.

तुम्ही होतात तेव्हा ते स्टूल टेबलाजवळ कधी नसायचं. ते पाण्याच्या टाकीमागे, कडुलिंबाच्या सावलीत असायचं. नवरा-बायकोच्या तडजोडीचा बॉण्ड करायला माणसं आली की तुम्ही मशीनवर सगळं टाईप करायचात, लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण, काय घडलं, काय कबूल केलं, आणि शेवटचा परिच्छेद यायच्या आत हात थांबवायचात. कागद मशीनमध्ये तसाच अर्धा बाहेर लोंबत राहायचा. मग कच्चा कागद हातात घेऊन तुम्ही त्या बाईला टाकीमागे न्यायचात, स्टुलावर बसवायचात, स्वतः उभ्या राहून तिला सगळं वाचून दाखवायचात, आणि म्हणायचात, “आता तू सांग, ह्यात काय लिवलंय.” इकडे पुरुषमंडळी घड्याळ बघत. एकदा एकजण म्हणाला होता, “बाई, उरका की. आमची एस्टी जाईल.” तुम्ही टाकीमागूनच म्हणालात, “जाऊ द्या. दुसरी येती.” बाईनं आपल्या तोंडानं सांगितलं की मगच तुम्ही येऊन शेवट टाईप करायचात. तो दर वेळी वेगळा असायचा. मी तेव्हा नुकताच अकरावी सोडून तुमच्याकडे आलो होतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकत नव्हतो म्हणून तुम्ही मला ठेवून घेतलं होतं, आणि मला वाटायचं, हे टाकीमागचं काम म्हणजे उगाच वेळ घालवणं.

मग कॉम्प्युटर आला आणि मी हुशारी केली. तडजोडीच्या बॉण्डची एक फाईल तयार करून ठेवली, शेवटच्या परिच्छेदासकट. “सबब उभयतांनी आपसातील वाद मिटविला असून यापुढे उभयता गुण्यागोविंदाने नांदतील.” आता फक्त नावं आणि गावं बदलायची. लोह्याकडचं एक जोडपं आलं, मी पाच मिनिटांत बॉण्ड काढून तुमच्यासमोर ठेवला आणि तुम्ही शाबासकी द्याल म्हणून उभा राहिलो. तुम्ही तो घेऊन टाकीमागे गेलात. ती बाई स्टुलावर बसून, सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “ह्यात मी म्हायेरी ऱ्हायची परवानगी लिवलीय न्हवं?” तुम्ही परत आलात आणि माझ्यासमोर तो बॉण्ड फाडलात. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असतात तर मी विसरलो असतो. “तू शेवट आधी छापून ठेवलास,” तुम्ही म्हणालात, “अन् मंग माणसं त्यात कोंबलीस. तो परिच्छेद काढून टाक.” मी हो म्हणालो. पुढच्या दिवाळीनंतर तुम्ही गेलात. टेबल, कॉम्प्युटर आणि स्टूल तुमच्या मुलानं मलाच देऊन टाकलं.

आता जे सांगायचं आहे ते तुम्हाला चमत्कारिक वाटेल. तुम्ही होतात तेव्हा आपल्याकडे कोरियन मालिका कुणी बघत नव्हतं. डबा खाताना तुम्ही आपल्या मालिकांबद्दल म्हणायचात, “ह्या संपत न्हाईत, थकतात.” कोरियन मालिका संपतात, बाई. सोळा भाग, आणि शेवट. मोबाईलवर हिंदीत येतात. आमच्या ताईला हा नाद माहेरी आल्यापासून लागला. ती आठ महिन्यांपासून माझ्याकडे आहे. आई-अण्णा दोघंही नाहीत, त्यामुळे तिचं माहेर म्हणजे मी आणि ही एक खोली, मागे स्वयंपाकघर. तिच्यासोबत बघणाऱ्या दोघी. एक शेजारच्या काकू, ज्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करतात. दुसरी वरच्या मजल्यावरची नर्स. तिघी तुरीच्या डब्याला मोबाईल टेकवून बसतात, मेथी निवडत निवडत बघतात, आणि बघून झालं की भांडतात. नर्सची ड्यूटी असते, काकूंची मेस असते, कुणाचा ना कुणाचा भाग हुकतो, म्हणून त्यांनी मोबाईलवर ‘कोरियन मंडळ’ नावाचा ग्रुप काढला आणि मला त्यात घेतलं. माझं काम एकच. मीही बसून बघायचं आणि झालेल्या भागाचा सारांश मराठीत टाईप करून टाकायचा. पहिल्या भागाचा मी असा लिहिला होता: “सदर नायक हा व्यवसायाने वास्तुविशारद असून तो पत्नीशी आवश्यक तेवढेच बोलतो.” ग्रुपवर काकूंचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, “अर्जावानी लिव्हतंय बगा हे पोरगं. खाली सही कुठं करू, तेबी सांग.”

गोष्ट त्या अबोल नवऱ्याचीच. बायको त्याला सोडून समुद्राकाठच्या एका गावात जाते, धुलाईचं दुकान काढते. बाराव्या भागात तो तिथं येतो आणि रोज दुकानासमोरच्या बाकावर बसून राहतो. मंडळात यावरून जुंपली. काकू म्हणाल्या, “तो बोलत न्हाई म्हून तर चांगला दिसतो. आमच्या घरात जे हाय त्याचं तोंड बंद व्हत न्हाई.” नर्स म्हणाली, “बाराव्या भागापासून सुधरायला लागला म्हणता, काकू. मंग अकरा भाग काय करून राहिला होता?” काकू म्हणाल्या, “माणूस एका रात्रीत बदलत असतो का? लेखकानं हळूहळू बदलवला. एकाएकी बदलला असता तर तूच म्हणली असती, खोटं वाटतं.” ताई बराच वेळ मेथीच्या काड्या मोडत होती. मग म्हणाली, “अबोल माणूस पडद्यावर गोड लागतो, काकू. घरी न्या चार म्हैने, मंग सांगा.” काकूंनी मेथीची जुडी पुढे ओढली. दोघींनाही ताईचं माहीत होतं.

दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, तिला कधी मारलं नाही. ते पीत नाहीत, जुगार नाही, शिरूर अनंतपाळ तालुक्यात त्यांची बरी शेती आहे, चारचौघांत हसून बोलतात. फक्त ताईचं काही मनाला लागलं की तिच्याशी बोलणं थांबवतात. एका वर्षी गणपतीत थांबवलं ते संक्रांतीपर्यंत. जेवायला बसले की सासूला म्हणायचे, “हिला म्हण, मीठ कमी हाय.” ताई समोर वाढत असायची. “चार म्हैने घरात माझं नाव कुणी घेतलं न्हाई,” असं तिनं मला आल्यावर सांगितलं होतं. मी काय म्हणालो होतो, तेही सांगतो. मी म्हणालो, “एवढंच ना?”

तर पंधरावा भाग झाला त्या आठवड्यात मामांचा लातूरहून फोन आला. “तुझा दाजी लई बदललाय. पाव्हण्यांत बसतो, आपण होऊन बोलतो, हसतो. रविवारी घेऊन येतो त्याला. एक बॉण्ड करून ठेव, तुझ्या घरचंच काम हाय ते.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “अन् हे बघ. लातूरच्या पाव्हण्यांनी इचारलं, पोराची भैन कुठं असती. मी म्हणलं, सासरी. आता माझं तोंड राखायचं तुझ्या हातात हाय.” लातूरचे पाव्हणे म्हणजे माझ्यासाठी पाहिलेलं स्थळ. मुलगी मी बघितली होती. तिनं मला एकच प्रश्न विचारला होता, तुम्ही सगळ्यात जास्त कोणता शब्द टाईप करता. मी म्हणालो, “सबब.” ती हसली. खरंच हसली, बाई, तोंडावर हात ठेवून. बारावी नापास नाही, अकरावी सोडलेली, असं मी तिला नीट समजावून सांगितलं, तरी तिच्या कपाळावर आठी आली नाही. तेव्हापासून माझा मोबाईल वाजला की मी हातातलं काम टाकून बघतो.

मी गुरुवारीच बॉण्ड टाईप केला. दुपारी टेबलावर गिऱ्हाईक नव्हतं. फाईल उघडली, दाजींचं नाव, ताईचं नाव, गावं, तालुके. दोनदा तपासला, एकही चूक नव्हती. प्रिंट काढून बॅगेत ठेवली.

शनिवारी शेवटचा भाग आला. त्या दुपारी नर्सला सुट्टी होती, त्यामुळे तिघी आणि मी असे चौघंही होतो. मालिकेतल्या त्या बाईनं नवऱ्याचा एक जुना शर्ट धुऊन, इस्त्री करून कागदात बांधून ठेवलेला असतो. तो दारात येतो आणि बोलतो. पंधरा भागांत बोलला नसेल एवढं बोलतो. ती ऐकते, शर्ट त्याच्या हातात देते, बाहेर येते आणि शटर ओढते. दोघं रस्त्यावर उभे. संपलं. पुढे नुसती नावं. काकू मोबाईलवर बोट आपटत राहिल्या, अजून काहीतरी राहिलं असेल म्हणून. मला बसवत नव्हतं, मी कोपऱ्यात जाऊन लगेच सारांश लिहायला घेतला, आणि शेवटी लिहिलं, “सबब नायिका नायकासोबत परत गेली.”

नर्सनं मोबाईलवर ते वाचलं आणि तिथूनच म्हणाली, “कुठं दाखवलं? रस्त्यावर उभी हाय ती.”

“मंग शटर काहून ओढलं?” काकू म्हणाल्या. “दुकान बंद केलं म्हंजी गेलीच की.”

“सात वाजले म्हून ओढलं. दुकानं बंद व्हत असतात, काकू.”

“अन् शर्ट? परक्या माणसाचा शर्ट कुणी इस्त्री करतं का?”

“धुलाईचं दुकान हाय तिचं! सगळ्या गावाचे करती!”

काकू हसायला लागल्या, नर्सही हसली. ताई हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, “तू असतास तिथं, तर तिला ऑटोत बसवून दिलं असतंस.” तिला बॉण्डचं माहीत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं. मी म्हणालो, “मला जे दिसलं ते मी लिहिलं.” ती म्हणाली, “न्हाई. तुला जे पायजे ते लिवलंस.” संध्याकाळी मी स्टूल आणायला टेबलावर गेलो.

रविवारी दहाला ते आले. मामा, दाजी आणि दाजींच्या गावचे एक वयस्कर गृहस्थ. मामांना आणि त्या गृहस्थांना खुर्च्या दिल्या, दाजी सतरंजीवर बसले, मी त्यांच्यासमोर. स्टूल स्वयंपाकघराच्या दाराशी राहिलं, त्यावर ताई बसली. काकू चहाला मदत करायला आल्या होत्या. दाजी खरंच बदलल्यासारखे वाटत होते. ते थोडे बारीक झाले होते, आवाज मऊ होता. “मामा, झालं गेलं ते सोडा,” ते म्हणाले. “चूक माझीच. मी आता बोलीन. घरात बोलीन, रानात बोलीन. हिला काई कमी पडू देणार न्हाई.” ते गृहस्थ म्हणाले, “आजून काय पायजे? लिहून घ्या.” मामांनी माझ्याकडे बघितलं. माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे, कोण बोलतंय, कुणाला उद्देशून बोलतंय, हे मी मनात टिपत जातो, कारण तसंच टाईप करावं लागतं. दाजी मामांशी बोलले. त्या गृहस्थांशी बोलले. मला म्हणाले, “तुमचं काम कसं चाललंय?” काकूंना म्हणाले, “चहा झकास हाय.” ताई त्यांच्यापासून तीन हातांवर होती. मला ते दिसत होतं, बाई. दिसत असूनही मी बॅगेतून बॉण्ड काढला.

“इकडं ये जरा,” ताई म्हणाली. ती उठली, स्टूल उचलून आत घेतलं आणि गॅसच्या ओट्याजवळ ठेवलं. मी आत गेलो. तिनं बॉण्ड माझ्या हातातून घेतला, वाचला नाही, आणि मला म्हणाली, “बस.” मी तुमच्या स्टुलावर बसलो. मी तुमच्या गोष्टी तिला कितीतरी वेळा सांगितल्या होत्या, जेवताना, सहज, हसत. “आता तू सांग,” ती म्हणाली, “ह्यात काय लिवलंय.”

मला ते तोंडपाठ आहे. मी सुरुवात केली. “लिहून देणार हे यापुढे मद्यप्राशन करणार नाहीत...”

“ते कवा पीत व्हते?”

“नाही पीत.”

“पुढं.”

“मारहाण किंवा शिवीगाळ...”

“मारायचे?”

“नाही.”

“मंग हे कुणाचं हाय?” तिनं बॉण्डवर बोट ठेवलं. “माझं कुठं लिवलंय?”

ते कुठंच नव्हतं. त्या फाईलमध्ये अबोल्यासाठी जागाच नाही. “अन् शेवटी?” तिनं विचारलं. मी परिच्छेद म्हणून दाखवला. “हे कवा टाईप केलंस?”

“गुरुवारी.”

“बैठक कवा हाय?”

बाहेरून मामांचा आवाज आला, “झालं का रे? पेन हाय का?” ताईनं बॉण्डची घडी घालून ओट्यावर ठेवली. म्हणाली, “त्यांना सांग, मला एकदा हाक मारा म्हणावं. नाव घेऊन. अन् मलाच इचारा, येतीस का. मी येते. बॉण्डबी नको मला.”

तिला जायचं होतं, बाई. हे मला तेव्हा कळलं. आठ महिने मी धरून चाललो होतो की तिला जायचं नाही आणि मलाच तिला पाठवावं लागणार.

मी बाहेर जाऊन जसंच्या तसं सांगितलं, माझ्या मनाचा एक शब्द न घालता. दाजी आधी हसले. मामा म्हणाले, “मार की हाक, त्याला काय स्टॅम्प लागतो?” ताई दारात येऊन उभी राहिली. दाजींनी तिच्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले. मी खरंच सांगतो, त्या वेळी मला लातूर आठवलं नाही, मामांचं तोंड आठवलं नाही, मी फक्त त्या ओठांकडे बघत होतो. दोन अक्षरांचं नाव आहे ताईचं. काकू हातात रिकामे कप घेऊन तशाच उभ्या राहिल्या होत्या. मग दाजींनी मान वळवली. “मामा,” ते म्हणाले, “तुम्हीच सांगा हिला. उगं पोरखेळ. ऊन वाढायच्या आत निघू.”

काकू म्हणाल्या, अगदी हळू, स्वतःलाच सांगितल्यासारखं, “सोळा भाग झाले की वो, दाजी.” दाजींना ते कळलं नाही. ताई आत गेली आणि तिनं नळ सोडला.

ते गेले. दाजींचा मला राग येत नाही. त्यांना हाक मारायची असेल आणि खरोखरच जमलं नसेल, असं मला वाटत राहतं. मामांचा त्यानंतर फोन नाही. लातूरचंही काही कळलेलं नाही. मोबाईल वाजला की अजून तसंच काम टाकून बघतो, तर कोरियन मंडळ असतं. नर्सनं नवीन मालिका शोधली आहे. काकूंनी आधी जुनीचा शेवट नीट लिहून मागितला, म्हणून मी लिहिलं, “ती शटर ओढून रस्त्यावर उभी आहे. पुढचं दाखवलेलं नाही.” काकूंनी त्यावर रडकं तोंड पाठवलं. ताईनं अंगठा.

तो परिच्छेद मी तुम्ही सांगितलंत तेव्हा काढला नव्हता, बाई. फाईलचं नाव बदलून ठेवलं होतं. तुम्ही गेल्यावर पुन्हा तीच उघडली, आणि तेव्हापासून प्रत्येक बॉण्ड त्यातूनच निघाला. मी एकाही बाईला टाकीमागे नेलं नाही. टाकी पाडून तिथं आता झेरॉक्सचं दुकान झालंय, हे खरं आहे, पण ती नंतर पाडली. तुमचं स्टूल इतकी वर्षं टेबलाखाली होतं, त्यावर मी कोऱ्या कागदांचे गठ्ठे ठेवत होतो.

आज सकाळी तो परिच्छेद पुसला. दुपारी हे पत्र त्याच कॉम्प्युटरवर टाईप करतोय, प्रिंट काढणार नाही. समोर भोकरकडचं एक जोडपं बसलंय, साक्षीदार यायचेत म्हणून थांबलंय. त्यातली बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते, परत गुंडाळते. सकाळी निघताना ताईनं मागून आवाज दिला होता, “स्टूल न्हाई का नेत?” मी म्हणालो, विसरलो होतो, उद्या नेतो.

विसरलो नव्हतो, बाई. न्यायला भ्यालो.